गोठवलेल्या खात्याचा लेखी आदेश मिळावा : केंद्रीय गृह मंत्रालयास खुले पत्र

इंदूर, नोव्हेंबर २०२५

प्रति,
माननीय केंद्रीय गृहमंत्री,
तसेच भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राचे अधिकारी,
गृह मंत्रालय, भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,

सायबर फसवणुकीची तक्रार १९३० या क्रमांकावर नोंदली गेली की चोरीचा पैसा ज्या ज्या खात्यांतून पुढे सरकला ती खाती बँका रोखून धरतात. त्या साखळीच्या शेवटी पुष्कळदा असा माणूस असतो, ज्याने आपला माल दिला आणि त्याचे दाम घेतले; देणाऱ्याच्या हाती ते पैसे कोठून आले हे विचारण्याचे त्याला काही कारणच नव्हते. त्याचेही खाते बंद होते, आणि ते कोणी बंद केले, किती रकमेसाठी केले, कधीपर्यंत बंद राहणार आणि दाद कोणाकडे मागायची, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्याला लेखी मिळत नाही. हे पत्र या एका गोष्टीबद्दल आहे; सायबर सुरक्षेच्या बाकीच्या प्रश्नांवर आपल्याला सल्ला देण्याची माझी योग्यता नाही.

मी बँकेच्या नोकरीतून निवृत्त झाले असून इंदूरच्या लोकमान्य नगर भागात राहते. आमच्याकडची मराठी घरे कित्येक पिढ्यांपासून इथली आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच घरांतल्या बायका दिवाळीचा फराळ, उकडीचे मोदक, पापड-कुरडया, गोडा मसाला असे काहीतरी करून विकतात. बँकेचा कागद किंवा मोबाइलवर न कळणारा निरोप आला की तो समजून घ्यायला त्या माझ्याकडे येतात, आणि गेल्या वर्षा-दोन वर्षांत त्यांच्या हातातले निरोप बदलले आहेत हे माझ्या लक्षात आले. पत्र मराठीत लिहिल्याबद्दल कोणाची हरकत असल्यास संविधानाचे कलम ३५० पाहावे. केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क त्यात दिलेला आहे, शिवाय राजभाषा विभागही आपल्याच मंत्रालयाचा आहे. न्यायाचा विषय निघाला की इंदूरकराने अहिल्याबाईंचे नाव घ्यावे असा इथला रिवाज आहे, आणि त्यांची त्रिशताब्दी तर नुकतीच साजरी झाली. पण तो मोह मी आवरते, कारण मला जे मागायचे आहे ते फार साधे, जवळजवळ कारकुनी स्वरूपाचे आहे.

प्रथम जे चांगले झाले आहे ते मान्य केले पाहिजे. २०१९ साली राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल सुरू झाले, जानेवारी २०२० मध्ये समन्वय केंद्राचे उद्घाटन झाले, २०२१ मध्ये बँका आणि पोलीस यांना एका धाग्यात जोडणारी तक्रार-व्यवस्था आली आणि आधीच्या १५५२६० या लक्षात न राहणाऱ्या आकड्याच्या जागी पुढे १९३० हा क्रमांक आला. त्यापूर्वी फसलेल्या माणसाला पोलीस ठाणे बँकेकडे पाठवी आणि बँक ठाण्याकडे, हे मी खिडकीच्या आतल्या बाजूने पाहिलेले आहे. आपल्याच मंत्रालयाने संसदेत दिलेल्या माहितीप्रमाणे २०२४ या एका वर्षात भारतीयांचे सुमारे २२,८४५ कोटी रुपये अशा फसवणुकीत गेले. आदल्या वर्षी हाच आकडा सुमारे ७,४६५ कोटी होता. वाट चुकलेल्या पैशांपैकी २०२५ च्या मध्यापर्यंत सुमारे साडेपाच हजार कोटी रुपये या व्यवस्थेने अडवले, हेही त्याच उत्तरांतून कळते. डिजिटल अटकेच्या नावाखाली म्हाताऱ्या माणसांची आयुष्यभराची पुंजी एका दिवसात जाते, आणि त्या प्रकाराची सर्वोच्च न्यायालयाने गेल्याच महिन्यात स्वतःहून दखल घेतली आहे. तेव्हा खाते तत्काळ रोखण्याचा अधिकार काढून घ्या असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही, आणि मीही म्हणत नाही. माझी तक्रार रोखल्यानंतर जे होते, किंवा खरे सांगायचे तर जे काहीच होत नाही, त्याबद्दल आहे.

ही व्यवस्था कशी चालते ते वाचकांसाठी थोडक्यात सांगते. फसलेला माणूस १९३० वर व्यवहाराचा क्रमांक देतो. ती नोंद पैसे ज्या बँकेत गेले त्या बँकेकडे जाते. रक्कम अजून तेथे असेल तर बँक ती अडवते. पुढे गेलेली असेल तर कोणत्या खात्यात गेली ते नोंदवते आणि नोंद त्या पुढच्या बँकेकडे सरकते. पोलिसांच्या आणि बँकांच्या बोलण्यात या टप्प्यांना ‘लेयर’ म्हणतात. पहिल्या-दुसऱ्या लेयरवर बहुतेक वेळा भाड्याने दिलेली खाती असतात. त्यानंतर मात्र पैसा फुटतो, लहान होतो आणि साध्या बाजारात मिसळतो. कोणी त्यातून मोबाइल घेतो, कोणी पेट्रोल भरतो, कोणी मित्राची उसनवारी फेडतो आणि तो मित्र त्यातून मिठाई आणतो. चौथ्या-पाचव्या लेयरला पोहोचेपर्यंत गुन्हेगार मागे राहिलेला असतो आणि पुढे उरतो तो दुकानदार. संगणकाला मात्र दोघेही सारखेच दिसतात, कारण त्याच्या दृष्टीने दोघांच्याही खात्यांत तोच पैसा आलेला असतो.

आमच्या गल्लीतल्या एका वहिनींचे असेच झाले. दसऱ्यानंतर त्यांच्याकडे फराळाची नोंदणी सुरू होते. चकली, अनारसे, करंज्या, बेसनाचे लाडू यांचे डबे पुण्या-बंगळुरूला नोकरी करणाऱ्या मुलांकडे कुरियरने जातात आणि पैसे यूपीआयने येतात. देणाऱ्यांतले निम्मे लोक त्यांना चेहऱ्याने ठाऊक नसतात, कारण अमक्याच्या मैत्रिणीने सांगितले म्हणून तमक्याने मागवले, असा हा धंदा आहे. अशाच एका दीड हजारांच्या डब्याचे पैसे आले आणि ऐन वसुबारसेच्या सुमारास खाते बंद झाले. सियागंजच्या व्यापाऱ्याचे तूप-साखरेचे देणे, मदतीला येणाऱ्या दोघींची मजुरी, गॅस, मुलाच्या शिकवणीची फी, सगळे त्याच खात्यातून जायचे होते. वादातली रक्कम दीड हजार, पण दीड हजार नव्हे तर अख्खे खाते थांबले. आलेला निरोप इंग्रजीत, दोन ओळींचा : सायबर शाखेच्या सूचनेवरून आपल्या खात्यातून पैसे काढण्यावर बंदी घालण्यात आली आहे. कोणती सायबर शाखा, कोणत्या राज्याची, याचा त्यात उल्लेख नव्हता.

शाखेत गेल्यावर एक लांबलचक पावती क्रमांक आणि दूरच्या एका राज्यातल्या ठाण्याचा ईमेल पत्ता मिळाला. शाखेतल्या मुलाला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्या पडद्यावर तेवढेच दिसते, आणि बंदी त्याने स्वतःहून उठवली तर उद्या नोटीस त्याच्यावर येणार. त्या पत्त्यावर आम्ही मेल लिहिले, सोबत मालाची यादी, कुरियरची पावती, ग्राहकाशी झालेला संदेशांचा व्यवहार जोडला. एकदा पेटी भरल्याचा निरोप आला. पुढे फोन लागला तेव्हा पलीकडच्या हवालदाराने, तसा सौजन्यानेच, सांगितले की तपास अधिकारी बदलून गेले आहेत, नवीन साहेब आले की पाहू. नाहीतर बाईंनी स्वतः कागद घेऊन यावे. इंदूरहून तिथे जाण्याचा खर्च वादातल्या रकमेच्या कितीतरी पट होतो हे त्यालाही कळत होते.

या साऱ्यात मला सगळ्यांत जास्त खटकलेली सूचना पुढे आली. ती अशी की, दीड हजार रुपये तक्रारदाराला परत पाठवा, त्याची पावती दाखवा, मग ना-हरकत मिळेल. वरवर ही तडजोड उदार वाटते, आणि अडलेली माणसे ती मुकाट्याने मान्य करतात. पण तिचा अर्थ काय होतो? माल गेला, दामही गेले, आणि ज्या माणसाने तक्रारदाराला कधी पाहिलेही नाही त्याने त्याची भरपाई केली. फसवणुकीचा पैसा कोणाकडून वसूल व्हावा आणि प्रामाणिकपणे माल विकणाऱ्याचा हक्क कोठवर टिकतो, हा दिवाणी स्वरूपाचा, दोन्ही बाजू ऐकून ठरवण्याचा प्रश्न आहे. तो एखाद्या ठाण्यातून फोनवर निकालात निघतो आणि त्याची कोठे नोंदही राहत नाही. ना-हरकत पत्र हे ज्याच्यावर संशय आहे त्याच्याविरुद्ध काही सापडले नाही म्हणून द्यायचे असते; पैसे भरले म्हणून द्यायचे असेल तर त्याला दुसरे नाव शोधावे लागेल.

आता कायदा पाहू. बँकेतले खाते ही ‘मालमत्ता’ आहे आणि तपासात पोलीस तिच्यावर निर्बंध घालू शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये तापस निओगी प्रकरणात सांगितले. तेव्हाचे फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १०२ म्हणजे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १०६. त्या कलमात अधिकाराबरोबर एक बंधनही आहे : जप्तीची माहिती पोलिसांनी तत्काळ दंडाधिकाऱ्यांना कळवली पाहिजे. त्याच्याच पुढचे कलम १०७ हे गुन्ह्यातून मिळालेल्या मालमत्तेच्या टाचेसाठी आहे. तेथे न्यायालयाकडे जावे लागते आणि ज्याची मालमत्ता आहे त्याला उत्तर देण्यासाठी चौदा दिवसांची नोटीस द्यावी लागते. म्हणजे संहिता लिहिणाऱ्यांनी दोन्ही वाटांवर न्यायाधीश उभा केलेला आहे.

वहिनींच्या खात्यावरची बंदी यांपैकी कोणत्या वाटेने आली, हे मला शेवटपर्यंत कळले नाही, आणि माझ्या मते सगळ्या प्रश्नाचे मूळ येथे आहे. पोर्टलवरून सरकलेल्या नोंदीला ना कलम असते, ना सही, ना दंडाधिकाऱ्यांकडे गेलेल्या अहवालाचा क्रमांक. ती जप्ती असेल तर कोणत्या न्यायालयात अर्ज करायचा ते समजले पाहिजे. जप्ती नसेल तर बँकेने कोणत्या अधिकाराने स्वतःच्या ग्राहकाचे पैसे अडवले ते समजले पाहिजे. संविधानाचे कलम ३००अ म्हणते की कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणाचीही मालमत्ता हिरावून घेता येत नाही. आदेशच नसेल तर आव्हान कशाला द्यायचे? इंदूरला उच्च न्यायालयाचे खंडपीठ आहे हे आमचे भाग्य, पण दीड हजार रुपयांसाठी रिट याचिका दाखल करा असे मी कोणत्या तोंडाने सांगू? आणि सांगितलेच, तर वकील पहिला प्रश्न विचारणार की आदेशाची प्रत कुठे आहे.

न्यायालयांनी हे ओळखलेले आहे. २०२३ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने बँकांना सांगितले की पोलिसांच्या मागणीपत्रात जेवढी रक्कम असेल तेवढ्यापुरतीच बंदी ठेवा. २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापुढे छोले-भटुरे विकणाऱ्या एका माणसाचे प्रकरण आले. वादातली रक्कम होती १०५ रुपये आणि त्यापायी त्याचे सबंध खाते बंद होते. न्यायालयाने ते मोकळे करायला लावले. जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने दुसऱ्या एका प्रकरणात थेट आपल्या मंत्रालयाला राज्यांशी विचारविनिमय करून याबाबत एकसमान धोरण आणि कार्यपद्धती आखण्यास सांगितले. त्या सूचनेला आता दहा महिने होत आले, आणि वहिनींचे खाते गोठवताना ना रक्कम मर्यादित ठेवली गेली, ना कारण कळवले गेले. एकेका छोले-भटुरेवाल्याने एकेका उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे आणि त्याच्यापुरती सुटका मिळवावी, ही काही राज्यकारभाराची रीत नव्हे.

मला ठाऊक आहे की यावर पोलिसांचे एक उत्तर असते, आणि ते पोकळ नाही. ते म्हणतात, प्रत्येक जण स्वतःला दुकानदारच म्हणवतो. खरोखरच म्हणवतो. थोड्या पैशांसाठी खाते आणि सिमकार्ड दुसऱ्याच्या हवाली करणारी मुले आमच्या शहरातही आहेत, आणि पकडले गेल्यावर तीही निरागस चेहऱ्यानेच शाखेत येऊन बसतात. पण ज्याने काही वर्षे खातेवह्या पाहिल्या आहेत त्याला या दोघांतला फरक उताऱ्याच्या एका पानावर दिसतो. भाड्याच्या खात्यात महिनोन्‌महिने शुकशुकाट असतो, मग एके दिवशी लाखभर रुपये येतात आणि काही मिनिटांत दहा दिशांना जाऊन शिल्लक शून्यावर येते. फराळवाल्या बाईच्या खात्यात वर्षानुवर्षे दोनशे, साडेचारशे, बाराशे अशा रकमा जमा होतात, गणपती आणि दिवाळीला त्या वाढतात, त्यातून किराण्याचे आणि विजेचे पैसे जातात आणि महिनाअखेरीला चार पैसे उरतात. रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबने भाड्याची खाती हुडकण्यासाठी म्युलहंटर नावाची प्रणाली तयार केली आहे. जे यंत्र भाड्याचे खाते ओळखू शकते, ते हे भाड्याचे खाते नाही एवढेही ओळखू शकत असले पाहिजे. त्या दुसऱ्या निष्कर्षाचा उपयोग करून घ्यायला कोणी सांगितलेले नाही, इतकेच.

दुसरे उत्तर दिल्लीहून येते : पोलीस हा सातव्या अनुसूचीतल्या राज्य सूचीचा विषय आहे, केंद्राचे काम फक्त समन्वयाचे. हे उत्तर मला पटत नाही. ठाणी राज्यांची असतील, पण पोर्टल आपले आहे, नोंदीचा नमुना आपला आहे, आणि जुलै २०२४ पासून समन्वय केंद्र हे आपल्या मंत्रालयाचे संलग्न कार्यालय आहे. बँकेतल्या नोकरीने मला एक गोष्ट शिकवली. परिपत्रक काढले तर ते फाइलला लागते. पण जो रकाना भरल्याशिवाय पडदा पुढे सरकत नाही, तो रकाना भरला जातोच. एकट्या मध्य प्रदेशाला किंवा एकट्या केरळला ते करता येणार नाही, कारण तक्रार एका राज्यात, खाते दुसऱ्यात आणि बँकेचे मुख्यालय तिसऱ्यात असते. ते फक्त आपल्याला करता येईल.

म्हणून माझी मागणी त्या पडद्याबद्दल आहे. पहिल्या लेयरनंतरच्या कोणत्याही खात्यावर बंदी घालताना वादातली नेमकी रक्कम लिहिणे सक्तीचे असावे आणि संगणकाने तेवढीच रक्कम अडवावी. सबंध खाते बंद करायचे असेल तर त्याचे वेगळे कारण लिहावे लागावे. ज्या कलमाखाली बंदी आहे ते कलम, ठाण्याचे नाव आणि अधिकाऱ्याचा हुद्दा त्यात असावा, म्हणजे अधिकारी बदलून गेला तरी हुद्दा जागेवर राहील. बंदीला मुदत असावी, आणि त्या मुदतीत दंडाधिकाऱ्यांकडे अहवाल गेल्याची नोंद पडली नाही तर ती आपोआप उठावी. अडवलेले पैसे मोकळे करण्यासाठी नागरिकाला पाठपुरावा करावा लागतो, तसा ते अडवून ठेवण्यासाठी पोलिसांना करावा लागला तर त्यात अन्याय काही नाही. या सगळ्याची एक प्रत खातेदाराला त्याच्या भाषेत त्याच दिवशी मिळावी. मुदत किती असावी हे आपण आणि राज्यांनी बसून ठरवावे, त्यावर माझा हट्ट नाही. पैसे परत केल्याच्या अटीवर ना-हरकत देण्याची प्रथा मात्र स्पष्ट शब्दांत बंद करावी, त्यावर माझा हट्ट आहे.

राहता राहिला सुनावणीचा प्रश्न. इंदूरला डिसेंबर २०२१ पासून पोलीस आयुक्तालय आहे, गुन्हे शाखेत सायबरचे काम पाहणारी माणसे आहेत. वहिनी कुठे राहतात, काय विकतात, त्यांच्या स्वयंपाकघरात खरेच चकल्या तळल्या जातात की नाही, हे त्यांतला एखादा शिपाई दुपारच्या वेळात पाहून येऊ शकतो. दूरच्या राज्यातला अधिकारी ते कधीच पाहू शकणार नाही. खातेदाराने आपल्याच जिल्ह्याच्या सायबर कक्षात कागद दाखवावेत, तेथील अधिकाऱ्याने पडताळणी करून अभिप्राय पोर्टलवर चढवावा आणि मूळ ठाण्याने ठराविक दिवसांत त्यावर होय किंवा नाही असे कारणासहित लिहावे, एवढी सोय झाली तर निम्म्याहून अधिक प्रकरणे न्यायालयाच्या पायरीपर्यंत जाणार नाहीत. पासपोर्टच्या पडताळणीसाठी अर्जदाराला दुसऱ्या राज्यात जावे लागत नाही. तेथे स्थानिक ठाण्याच्या अहवालावर विश्वास ठेवला जातो आणि देशाच्या सुरक्षेला त्याने बाधा येत नाही.

हे पत्र लिहीत असताना आमच्या ओळखीच्या दोघींनी दारावरचा क्यूआरचा कागद काढून ठेवला आहे आणि त्या पुन्हा रोख घेऊ लागल्या आहेत. २०१६ नंतर ज्या बायकांना डिजिटल व्यवहार शिकवण्यासाठी आम्ही बँकेतून सुटीच्या दिवशी शिबिरे घेतली, त्यांतल्याच या आहेत. त्यांची समजूत कशी घालावी हे मला सुचलेले नाही, कारण त्यांचा हिशेब चुकीचा नाही.

वहिनींच्या खात्यावरची बंदी अजून कायम आहे. त्यांचा पावती क्रमांक, शाखेचे पत्र आणि मालाची कागदपत्रे मंत्रालयाकडे स्वतंत्र अर्जाने पाठवली आहेत, म्हणून ती येथे देत नाही. त्या अर्जाला येणाऱ्या उत्तरावर ही बंदी कोणत्या कलमाखाली आहे आणि कोणत्या दंडाधिकाऱ्यांना कळवलेली आहे, एवढे तरी लिहिलेले असावे, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त बँक कर्मचारी,
लोकमान्य नगर, इंदूर